स्लरीवर पहिला हक्क धानाचा

एक घनमीटर गोबरगॅसला साधारण 25 किलो ताजे शेण लागते. हा हिशेब गोठ्यात बांधलेल्या जनावरांचा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरीत किंवा वैनगंगेपलीकडे धानोरा, कुरखेड्यात गुरे दिवसभर जंगलात चरतात, हाती येते ते फक्त रात्रीचे शेण. संयंत्र अर्धपोटी राहते, आणि ही तूट ऊर्जापिकाने भरून काढावी असा विचार पुढे येतो: नेपियर म्हणजे हत्तीगवत लावा, ते कापून संयंत्रात टाका, उरलेली स्लरी पुन्हा गवतालाच द्या. विज्ञान या विचाराच्या बाजूने आहे. शेण म्हणजे गाईने आधीच पिळून घेतलेला चारा. पुण्याचे डॉ. आनंद कर्वे यांनी हेच हेरून ‘आरती’ संस्थेत खरकट्या अन्नावर चालणारे छोटे संयंत्र बसवले; जे जनावराला पचते ते जिवाणूंनाही पचते, हे त्यामागचे तर्कशास्त्र. शिवाय जिवाणू मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर काढतात, नत्र, स्फुरद, पालाश जवळपास सगळे स्लरीतच उतरते. म्हणजे चक्र पूर्ण झाले, असे वाटते. माझी शंका इथूनच सुरू होते.

नत्र स्लरीत उतरते खरे, पण रूप बदलून. सेंद्रिय नत्राचा मोठा भाग अमोनियम होतो, आणि स्लरी किंचित अल्कधर्मी असल्याने उघड्यावर पसरली की त्यातला काही अमोनिया होऊन उडून जातो. हेक्टरी 100 टन हिरवे हत्तीगवत कापले, त्यात 20 टन कोरडा भाग आणि त्याच्या एक टक्का नत्र धरले, तरी जमिनीतून 200 किलो नत्र उचलले गेले. धानाची शिफारस हेक्टरी 100 किलोच्या आसपास आहे. परत आलेल्या नत्रापैकी निम्मे अमोनियम आणि त्यातले चौथाई उडाले असे मानले, तर 25 किलो गेले. युरियाच्या एका पोत्यात असते त्याहून जास्त. ही गळती दर वर्षी कुठून भरायची? संयंत्रात गवतासोबत शेणही जातेच. त्यामुळे नकळत धानाच्या वाट्याचे शेणखत गवत खाते.

उलट हीच स्लरी धानाच्या बांधीत गेली तर तिचा दोषच गुण ठरतो. पाणी साचलेल्या चिखलात नायट्रेट टिकत नाही, वायू होऊन निघून जाते. अमोनियम मात्र मातीच्या कणांना धरून राहते, आणि धानाला तेच आवडते. चिखलणीच्या वेळी स्लरी मातीत मिसळली आणि मागोमाग रोवणी झाली, तर उडून जायला वावच थोडा. भर पावसात भरलेल्या बांधीवर ओतणे मात्र टाळावे, नाहीतर ती धुऱ्यावरून वाहून मामा (माजी मालगुजारी) तलावात जायची.

गॅसने कार्बन काढून घेतला, मग मातीला काय मिळणार, असा आक्षेप घेतला जातो. पण संयंत्रात कुजतो तो सहज कुजणारा भाग, जो उकिरड्यावरही काही महिन्यांत हवेतच जातो. चिवट भाग स्लरीत राहतो आणि मातीच्या खऱ्या उपयोगाचा तोच असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: स्लरीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, ते दूरच्या बांधीपर्यंत कोण वाहणार? त्यापेक्षा संयंत्राशेजारच्या गवताला सोडणे सोपे. बायोगॅसच्या ‘सतत’ योजनेतल्या मोठ्या प्रकल्पांच्या खताला केंद्राने 2023 मध्ये टनामागे 1500 रुपये विक्रीसाहाय्य मंजूर केले, पण घरगुती संयंत्राला त्याचा काय उपयोग? वाहतुकीवर उपाय साधा: घट्ट भाग पेंढ्याबरोबर कुजवून उन्हाळ्यात गाडीने न्यावा, पातळ भाग जवळच्या पऱ्ह्यांना आणि परसबागेला द्यावा.

ऊर्जापिकाच्या बाबतीत जर्मनीचा अनुभव बोलका आहे. अनुदानामुळे तिथे गॅससाठी मका इतका पसरला की 2012 मध्ये नव्या संयंत्रांत मका आणि धान्याला 60 टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. भूजलातल्या नायट्रेटवरून 2018 मध्ये युरोपीय न्यायालयाने त्या देशाला दोषीही ठरवले. त्यात जनावरांच्या मलमूत्राचा वाटा मोठा होता, पण दाट पशुपालनाच्या भागात संयंत्रांच्या स्लरीने भर घातली.

ऊर्जापीक नकोच, असे मात्र मी म्हणणार नाही. सरपण आणि मोहासाठी ताडोब्याच्या परिसरात लोक वाघाच्या वाटेवर जातात, तेव्हा घरातल्या गॅसची किंमत निराळ्याच मापाने मोजावी लागते. प्रश्न गवत कुठे लावायचे याचा: धुऱ्यावर तूर असतेच, धानानंतर बांधीत लाखोळीही होते. ही द्विदल पिके हवेतले नत्र मातीत आणतात, त्यांची जागा गवताने घेऊ नये. गवतासाठी जागा शोधायचीच, तर चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घूस भागातल्या कोळसा खाणींच्या मातीचे ढिगारे आहेत, जिथे अन्नधान्य पेरण्याचा प्रश्नच नाही. तिथल्या गवतात जड धातू किती उतरतात, हे आधी तपासले पाहिजे, आणि तोवर त्या गवताची स्लरी ढिगाऱ्यावरच परत जावी, बांधीत नव्हे.