झटक्याची पेटी कुलुपात, माणूस घरात

आज आधी एक कबुली देतो.

एप्रिल २०२०. लॉकडाऊन सुरू होता. गोंदियात आमच्या गल्लीतले एक काकाजी दारातच कोसळले. मी दहा फुटांवर होतो. मागून कोणीतरी ओरडलं, "हात नको लावजो रे, कोरोना असंन!" आणि मी थांबलो. १०८ ला फोन केला, बस एवढंच. काकाजी गेले. हात लावला असता तर ते वाचले असते का, हे मला कधीच कळणार नाही. पण आपण थांबलो का, हे मी नंतर शोधत राहिलो.

हे फक्त आपल्याकडेच झालं नाही. इटलीच्या लोम्बार्डी भागातल्या चार जिल्ह्यांत साथीच्या पहिल्या ४० दिवसांत रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडण्याच्या घटना २२९ वरून ३६२ झाल्या, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा ५८ टक्के जास्त. गरज वाढली आणि मदतीचे हात मात्र कमी झाले. अमेरिकेत पोर्टलंड आणि व्हेंचुरा भागात बघ्यांनी छाती दाबण्याचं प्रमाण ६१ वरून ५१ टक्क्यांवर आलं, आणि एईडीचा वापर ५ वरून १ टक्क्यावर.

एईडी म्हणजे सार्वजनिक जागी ठेवलेली झटक्याची पेटी. उघडली की ती बोलून सांगते: पॅड चिकटवा, दूर व्हा. गरज नसेल तर झटका देतच नाही.

आता विचार करा. छाती दाबताना रुग्णावर ओणवं व्हावं लागतं. पेटी तर उलट "दूर व्हा" म्हणते. तरी तिचाच वापर जास्त घसरला. मग नुसती भीती हेच कारण कसं? मला वाटतं, जागाही चुकली. पेटी असते स्टेशनात, विमानतळावर, मॉलमध्ये. मार्च २०२० मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या, गोंदिया जंक्शन ओस पडलं, माणसं घरात गेली. लोम्बार्डीतही घरी कोसळणाऱ्यांचं प्रमाण वाढलं होतं.

आणि वेळ कोणासाठी थांबत नाही. छाती न दाबता गेलेल्या दर मिनिटाला झटक्याने वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. सालेकसा-देवरीकडच्या आडगावात ॲम्ब्युलन्स पोचेपर्यंत काय उरणार?

तज्ज्ञांनी २०२० मध्येच सांगितलं होतं की थांबू नका. माणूस शुद्धीवर नाही, श्वास नीट नाही, तर १०८ लावा. त्याच्या आणि आपल्या तोंडावर मास्क किंवा कापड घ्या. तोंडाने श्वास द्यायची गरज नाही. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटीमीटर खोल दाबत राहा. दुसऱ्याला पेटी आणायला पळवा.

एक काम आजच करा. आपल्या कचेरीत, मंगल कार्यालयात, स्टेशनात पेटी आहे का, विचारा. असेल तर पुढचा प्रश्न: चावी कोणाकडे, आणि सगळं बंद असताना ती मिळेल का?

त्या दिवशी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत आहे. भेटू पुढच्या भागात.