मास्तरांच्या मुलखातला ख्रिस्ती मास्तर

मुंबईहून कोकणात उतरणारा प्रवासी खेड मागे टाकून चिपळूणकडे निघाला की लोटे लागते. आज तेथे कारखान्यांची धुराडी दिसतात, आणि पुढे परशुरामाचा घाट सुरू होतो. कारखाने आले ते अलीकडे. त्यापूर्वी या मुलखातून बाहेर जाणारा माल मुख्यतः एकच होता, तो म्हणजे माणसे. आणि त्या माणसांत मास्तरांची संख्या मोठी होती.

लोट्यापासून हाकेच्या अंतरावर, परशुरामाच्या पायथ्याशी पेढे गावी १८८० साली पांडुरंग वामन काणे जन्मले. धर्मशास्त्राचा इतिहास लिहून ते भारतरत्न झाले. पण त्यांनी आरंभ केला तो सरकारी हायस्कुलातल्या मास्तरकीने. मुरुडचे धोंडो केशव कर्वे शिक्षक, पालगडचे साने गुरुजी शिक्षक, आणि लोकमान्यांचे वडील गंगाधरपंत हेही शाळामास्तरच. जमीन थोडी, घरात खाणारी तोंडे फार, आणि हाताशी अक्षर एवढेच धन. तेव्हा कोकणातला मुलगा घाट चढून देशावर गेला की छडी आणि पुस्तक हाती धरी, यात नवल ते काय!

या मुलखाला ख्रिस्ती शाळांचीही ओळख जुनी आहे. स्कॉटिश मिशनऱ्यांनी मराठी मुलखातला आपला पहिला तळ टाकला तो मुंबईत किंवा पुण्यात नव्हे, तर १८२३ साली बाणकोटास. पुढे दापोलीच्या मिशन हायस्कुलात काणे शिकले, साने गुरुजी शिकले. मुलगा मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकला तर घरच्यांना चाले. तो ख्रिस्ती झाला तर मात्र आकाश कोसळे. ते आकाश ज्या एका घरावर खरोखरच कोसळले, त्या घरच्या मास्तरांची ही हकीकत आहे. त्यांचे नाव नारायण वामन टिळक.

रेव्हरंड टिळक म्हटले की वाचकांना कवी आठवतो. ‘केवढे हे क्रौर्य’ शाळेत पाठ केलेली पिढी अजून आपल्यात आहे. पण कवितेने पोट भरत नाही. टिळकांचा चरितार्थाचा धंदा मास्तरकीचा, आणि खोलात जाऊन पाहिले तर त्यांचा पिंडही मास्तराचाच होता.

त्यांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील कडक, आई मायाळू. आई लवकर गेली आणि घरावरचे मुलाचे मन उडाले. तो नाशिकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला, हायस्कुलात जाऊन इंग्रजी शिकला, आणि शिक्षण अर्ध्यावर टाकून मास्तर झाला. वणी, मुरबाड, नाशिक, नागपूर, राजनांदगाव! एका गावी बिऱ्हाड थाटावे, शाळेत नाव मिळवावे, आणि कशावरून तरी बिनसले की ट्रंक उचलून दुसऱ्या गावी जावे, असा त्यांचा क्रम. बुद्धी तल्लख, वाणी रसाळ, स्वभाव मात्र पाऱ्यासारखा. पगार हाती आला की वाटेत कोणी गरजू भेटेपर्यंतच तो खिशात राही.

या सगळ्याचा जमाखर्च सांभाळायचा कोणी? तर जलालपूरच्या गोखल्यांच्या मनूने. लग्नात ती अकरा वर्षांची होती. सासरचे नाव लक्ष्मी. माहेरी वडिलांचे सोवळे इतके पराकोटीचे की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे. मुलीला शिकवण्याचा प्रश्नच नव्हता. तिला अक्षरओळख करून दिली ती नवऱ्याने. शिकवताना मास्तरांचा तोल वरचेवर सुटे, शिष्या रुसे, धडा राही. तरी त्या तुटक धड्यांतून जे हाती आले, त्याचे पुढे काय झाले हे आपण पाहणारच आहोत.

१८९३ साली टिळक आगगाडीने राजनांदगावास निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. संस्कृत काव्यावर गोष्टी झाल्या, मग धर्मावर झाल्या. उतरण्यापूर्वी गृहस्थांनी त्यांना नव्या कराराची प्रत दिली, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी ते हसण्यावारी नेले असावे. पण मास्तराला पुस्तक दिले की ते वाचल्यावाचून तो राहत नाही! वाचता वाचता ते ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथेच गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो कोणा गोऱ्या पाद्र्याच्या हातून न घेता रेव्हरंड तुकाराम नथोजी या मराठी माणसाच्या हातून घेतला, ही गोष्ट लहान असली तरी त्यांच्या सगळ्या पुढल्या आयुष्याची खूण तीत आहे.

इकडे लक्ष्मीबाईंवर काय गुदरले असेल याची कल्पना आजच्या गृहिणीने करून पाहावी. पदरी तीन-चार वर्षांचा दत्तू. नवरा जिवंत, कुंकू कपाळी, आणि तरी नवरा नसल्यासारखाच. त्याच्या हातचे पाणी चालत नाही, त्याच्या घरी जाता येत नाही. पंढरपूर, नाशिक असे करीत, नातलगांच्या आसऱ्याने त्यांनी साडेचार-पाच वर्षे काढली. टिळकांच्या भक्तीचे आपण कितीही कौतुक केले तरी तिची किंमत आधी त्यांच्या पत्नीने चुकती केली, हे विसरून चालणार नाही. देवमाणसाच्या संसारात हा हिशेब नेहमी घरच्या बाईच्याच नावे का मांडला जातो, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही.

अखेर त्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पतीकडे गेल्या. पण आपले सोवळे बरोबर घेऊन! टिळकांनी सक्ती केली नाही. त्यांचे पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. पुढे राहुरीस असताना एके दिवशी त्यांच्या मनाने घेतले की जात माणसाने केली आहे, देवाने नव्हे. तेवढ्या एका विचाराने जन्माचे सोवळे गळून पडले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने केले म्हणून नव्हे, स्वतःला पटले तेव्हा.

नगरास अमेरिकन मिशनच्या थिऑलॉजिकल सेमिनरीत टिळक शिकवीत. शिवाय ‘ज्ञानोदय’चे काम, मुलांच्या ‘बालबोधमेव्या’चे काम, आणि घरात अनाथ पोरांचा राबता. शाळेच्या घंटेबरोबर त्यांची मास्तरकी संपत नसे. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले, आणि त्यात सतरा वर्षांच्या एका भिडस्त मुलाने कविता म्हटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ‘बालकवी’ हे नाव दिले, आणि लोक घरोघर गेले. टिळकांनी मात्र त्या त्र्यंबक ठोंबऱ्यांना नगरास आपल्या घरी आणले आणि मुलासारखे वागवले. त्या घरात सकाळ-संध्याकाळ ख्रिस्ताची प्रार्थना चाले. ठोंबरे मात्र अखेरपर्यंत हिंदूच राहिले, आणि त्यामुळे गुरूच्या मायेत तिळभर उणेपणा आला नाही. खऱ्या भक्ताची आणि खऱ्या शिक्षकाची याहून वेगळी परीक्षा कोणती?

टिळकांना एक गोष्ट सलत असे. ख्रिस्ती झालेला माणूस कोट-पाटलोण चढवतो, परक्या चालीवर परकी गाणी म्हणतो आणि आपल्याच गावात पाहुणा होतो. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते म्हणत. म्हणून त्यांनी देवळात अभंग आणले, भजन आणले, कीर्तन आणले. मराठी चर्चच्या गीतसंग्रहात अडीचशेच्या आसपास पदे त्यांची आहेत. त्यांची देशभक्तीपर कविताही बाप्तिस्म्याने आटली नाही. १९१७ साली तर त्यांनी मिशनची नोकरीच सोडली. साताऱ्यास राहून, पगार न घेता, जातिपंथ न पाहता सर्वांना बोलावणारा ‘देवाचा दरबार’ भरवावा असा त्यांचा मनसुबा होता. पण दिवस थोडे उरले होते. १९१८च्या मे महिन्यात बालकवी आगगाडीखाली सापडून गेले. आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांनीही डोळे मिटले.

मास्तरांची कसोटी शिष्यांवरून लागते. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतले होते. त्याचे थोडेच अध्याय त्यांच्या हातून झाले. उरलेले साठांहून अधिक अध्याय लिहिले ते लक्ष्मीबाईंनी. जोडाक्षरांशी झगडत शिकलेल्या त्या शिष्येने पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ पासून ती भागाभागाने प्रसिद्ध झाली, आणि मराठी आत्मचरित्रांत तिच्या तोडीची फार थोडी आहेत. त्या पुस्तकात नवऱ्याचे थोरपण आहे आणि त्याचा लहरीपणाही आहे. सोसलेले दुःख आहे, पण कडवटपणा नावालाही नाही. गुरूवर इतके प्रेम आणि गुरूची इतकी उघड थट्टा एकाच पानावर क्वचितच सापडते.

वणीच्या, मुरबाडच्या वर्गांत टिळक मास्तरांपुढे किती मुले बसली असतील! त्यांची नावे आता कोणाला ठाऊक नाहीत. चुलीपाशी, चिडत-रुसत शिकलेल्या एका विद्यार्थिनीचे नाव मात्र मराठी वाचता येणाऱ्या प्रत्येक घरात पोचले. यंदाच्या दिवाळीत, फराळाचे डबे रिकामे झाल्यावर, ‘स्मृतिचित्रे’ घरात सर्वांनी मिळून मोठ्याने वाचून पाहावीत. हसता हसता डोळे पुसावे लागतील, एवढी तयारी मात्र असू द्यावी.