ट्रंकेतली बाळोती

घरात पाळणा हलणार अशी चाहूल लागली, की सातव्या-आठव्या महिन्याच्या सुमारास घरातली वडीलधारी बाई माळ्यावरची ट्रंक खाली काढवते. थोरल्या भावंडाच्या वेळची बाळोती, दुपटी, लंगोट, झबली, टोपडी, एखादी कुंची असा सारा संसार त्या ट्रंकेत चार-पाच वर्षे, क्वचित पंधरा-वीस वर्षेही, घडी घालून निजलेला असतो. झाकण उघडताच डांबरगोळ्यांचा उग्र दर्प येतो आणि त्याच्या पाठोपाठ आठवणी. इंदूरचे बिऱ्हाड असो, बडोद्याचा वाडा असो, की दिल्लीच्या सरकारी वसाहतीतल्या दोन खोल्या असोत, मराठी घरातला हा प्रसंग फारसा बदललेला नाही. बदलले आहे ते ट्रंकेतले कापड, नळाचे पाणी आणि धुण्याची भुकटी. म्हणूनच आजीच्या हाताला जे सवयीने जमत असे, ते आता थोडे समजून घेऊन करावे लागते.

तान्ह्या बाळाच्या अंगाला पहिले कापड जुने लावावे, हा संकेत आपल्याकडे फार जुना आहे. आजीचे नऊवारी लुगडे विरले की त्याची दुपटी व्हावयाची आणि आजोबांच्या धोतराची बाळोती. ही रीत केवळ महाराष्ट्राचीच आहे असेही नाही. बिहारातील सुजनी ही मुळात जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवून नवजात बाळासाठी केलेली गोधडी होय, आणि बंगालातील कांथाही जुनेरातूनच जन्माला आली. मोठ्यांचे वापरलेले वस्त्र बाळाला मिळाले की त्यांचे आयुष्यही त्याला लाभते, असा भाव या चालीमागे सांगितला जातो. त्या भावाची थट्टा करण्याचे कारण नाही. कारण त्याच्या पोटात व्यवहाराची एक पक्की समजूत दडलेली आहे.

कापसाचा तंतू म्हणजे जवळजवळ सारा सेल्युलोज. हा पदार्थ पाण्याचा मोठा लोभी. परंतु तंतूच्या अंगावर निसर्गाने मेणाचा अतिशय पातळ थर दिलेला असतो आणि मागावर चढण्यापूर्वी ताण्याच्या सुतावर खळ चढवलेली असते. त्यामुळे कोऱ्या मांजरपाटावर पाण्याचा थेंब टाकला तर तो मोत्यासारखा घरंगळतो. वर्षानुवर्षे धुतलेल्या लुगड्यातील मेण आणि खळ निघून गेलेली असते, सुताची पीळदार धार बोथट झालेली असते, आणि टाकलेला थेंब दिसेनासा होतो. बाळोत्याची खरी परीक्षा हीच. ट्रंकेतून काढलेल्या प्रत्येक तुकड्यावर पाण्याचा एक थेंब टाकावा. तो तत्काळ शोषला गेला तर कापड कामाचे. वर तरंगत राहिला तर कापड शुभ्र दिसत असले तरी त्याचे काम संपले आहे, किंवा अद्याप सुरूच झालेले नाही.

येथे एक सावधगिरी हवी. पूर्वी ‘जुने लुगडे’ म्हटले की ते सुती असणार हे गृहीत असे. आज जुन्या साडीत पॉलिएस्टरचा धागा असण्याचा संभव मोठा. अशी साडी हाताला कितीही मऊ लागली तरी ती ओल धरत नाही. ओल बाळाच्या अंगालाच राहते. शंका असल्यास काठाचा एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टरचा वितळून टणक मणी बनतो. जरीचे काठ मात्र परीक्षेवाचूनच कापून टाकावेत.

आता त्या डांबरगोळ्यांकडे वळावयास हवे. ट्रंकेतील सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे आणि दुर्दैवाने तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. या गोळ्या पुष्कळदा नॅप्थॅलीनच्या असतात. नॅप्थॅलीन न वितळताच हवेत उडून जाते आणि ती वाफ कापडाच्या घडीघडीत मुरते. बहुतेकांना तिचा त्रास जाणवत नाही. परंतु काही माणसांच्या रक्तातील तांबड्या पेशींमध्ये एका विकराची जन्मजात उणीव असते. हिवतापावरील प्रायमाक्वीन हे औषध काही रोग्यांचे रक्त का नासवते याचा शोध घेताना १९५६ साली ही उणीव उजेडात आली. वैद्यकात तिला जी६पीडीची उणीव म्हणतात. नॅप्थॅलीनपासून शरीरात जे पदार्थ तयार होतात, त्यांच्या माऱ्यापुढे अशा पेशी टिकत नाहीत आणि पटापट फुटतात. मोठ्या माणसाचे यकृत त्यातून निघालेले पित्तद्रव्य कसेबसे निपटून काढते. चार दिवसांच्या बाळाचे यकृत अजून कच्चे असते. मग कावीळ भराभर चढते, आणि वेळीच उपाय न झाला तर ते द्रव्य मेंदूत शिरून बहिरेपणा, हातापायांच्या अनियंत्रित हालचाली, प्रसंगी मृत्यूही ओढवतो.

ही भीती कल्पनेतली नाही. ग्रीसमधील वैद्यांनी १९६३ साली अशा एकवीस नवजात अर्भकांची हकीकत प्रसिद्ध केली. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे, पांघरुणे अशा वस्तूंची वाफ त्यांच्या श्वासावाटे शरीरात गेली होती. त्यांतील दोन बालके दगावली. आपल्या देशातही ही उणीव दुर्मिळ नाही. पारशी समाजात आणि काही आदिवासी जमातींत तिचे प्रमाण विशेष आढळते, परंतु कोणत्याही घराला ती आपल्याकडे नाहीच असे म्हणता येत नाही. ती आईकडून मुलाकडे जाते आणि आईला तिचा पत्ताही नसतो. त्यात आपल्याकडे बाळाला रोज तेल लावण्याची चाल. नॅप्थॅलीन पाण्यात जेमतेम विरघळते, तेलात मात्र सहज. म्हणून तेल चोळलेल्या अंगावर वासाचे बाळोते गुंडाळणे अधिकच घातक.

याच कारणाने, ट्रंकेतील कपडे पाण्यातून एकदा काढून लगेच वापरण्याची घाई करू नये. आधी प्रत्येक घडी मोडावी, कापड झटकावे आणि दोरीवर उन्हावाऱ्यात पुष्कळ दिवस टांगून ठेवावे. त्यानंतर ते गरम पाण्यात धुवावे आणि पुन्हा उन्हात घालावे. कापड नाकाशी धरले असता वासाचा लवलेशही उरता कामा नये. उरला तर ते बाळाच्या खोलीतसुद्धा आणू नये. बाळंतपणाला दीड-दोन महिने अवकाश असतानाच ट्रंक उघडावयाची ती यासाठी. बाळ घरात आल्यावर त्याच खोलीत ट्रंक उघडणे म्हणजे सारी वाफ त्याच्या पाळण्यापाशी मोकळी करणे.

गंमत, किंवा खेद, असा की बाळोत्यांना डांबरगोळ्यांची गरजच नव्हती. ज्या कसरीसाठी या गोळ्या ठेवतात तिचे खाद्य लोकर आणि रेशीम. शालीला गोळी लागेल. सुती कापडाला तिचे काय काम? सुती कापडाचा शत्रू ओल आणि खळ. खळीवर चंदेरी किडे येतात, ओलीवर बुरशी. खळ न केलेले, कडकडीत वाळवलेले सुती कापड घट्ट झाकणाच्या डब्यात वर्षानुवर्षे चांगले राहते. डांबरगोळीऐवजी कापूर ठेवणारेही पुष्कळ आहेत. कापूर मुलाच्या पोटात गेला तर झटके येतात. तेव्हा तोही नको.

धुण्याचा क्रम तसा साधा आहे, पण त्यातील पहिली पायरी बहुधा चुकते. पिवळे पडलेले कापड पाहून गृहिणी प्रथम कढत पाणी ओतते. जुन्या डागांत दूध, विष्ठा यांतील प्रथिने असतात. ती कढत पाण्याने शिजून कापडात घट्ट बसतात. म्हणून रात्रभर थंड पाण्यात भिजत घालावे, सकाळी ते पाणी फेकून द्यावे आणि मगच गरम पाणी, साबण आणि थोडा धुण्याचा सोडा वापरावा. मोठ्या पातेल्यात दहा-पंधरा मिनिटे उकळी आणली तर उत्तम. सुती कापडाला उकळीचे भय नाही, कारण कापसाचा तंतू ओला असताना उलट अधिक मजबूत असतो. बुरशीचे काळे ठिपके पडलेले आणि उकळूनही कुबट वास न गेलेले तुकडे मोहाने ठेवू नयेत.

सोड्याचे प्रयोजन पाण्याशी आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरी, राजस्थान-दिल्लीकडील कूपनलिका यांचे पाणी बहुधा दुष्फेन, म्हणजे व्यवहारात ज्याला जड पाणी म्हणतात तसे. त्यातील चुन्याशी साबणाचा संयोग होऊन एक चिकट साय तयार होते आणि ती धाग्याधाग्यावर बसते. कोकणात वर्षानुवर्षे मऊ राहिलेली बाळोती घराची बदली झाल्यावर दोन महिन्यांत पापडासारखी ताठ झाली आणि ओल धरीनाशी झाली, तर दोष कापडाचा नसतो. सोडा पाण्याचा जडपणा कमी करतो. त्यानंतर मात्र खळखळून धुणे अगत्याचे. पाण्यात फेस येईनासा होईपर्यंत, तीनदा म्हणा, चारदा म्हणा, कापड पिळावे. आणि शेवटच्या बादलीत दोन चमचे पांढरा शिरका टाकावा, म्हणजे राहिलासाहिला क्षार मारला जातो. नीळ, खळ आणि कपडे मऊ करण्यासाठी बाजारात मिळणारी सुगंधी द्रव्ये ही तिन्ही वर्ज्य. शेवटचे द्रव्य हाताला मऊपणा देते खरे. पण ते धाग्यावर स्निग्ध लेप चढवून, आणि मग कापड पाणी पिईनासे होते.

क्षाराला एवढे महत्त्व का, हे बाळाच्या त्वचेवरून कळते. निरोगी त्वचा किंचित आम्ल असते आणि जन्मानंतरच्या काही आठवड्यांत बाळाची त्वचा हे आम्लपण हळूहळू मिळवीत असते. लंगोटाखालची कातडी लाल होऊन सोलवटते, त्याचे कारण शोधताना कुक नावाच्या अमेरिकन वैद्याने १९२१ साली असे दाखवले, की ओल्या कापडातील जंतू लघवीतील युरियापासून अमोनिया बनवतात. पुढे १९८०नंतरच्या दशकातील प्रयोगांनी या विचारात सुधारणा केली. एकट्या अमोनियाने निरोगी कातडी सोलत नाही. पण त्याने क्षारता वाढली की विष्ठेतील पाचक रस जागे होतात आणि ते कातडी पोखरतात. साबणाचा अंश राहिलेले बाळोते याच कामाला हातभार लावते. उपाय त्यातूनच निघतो: ओले झालेले बाळोते लगेच बदलणे आणि धुतलेल्यात साबण न राहू देणे. एके काळी शेवटच्या पाण्यात बोरिक पावडर टाकण्याची पद्धत होती. सोललेल्या कातडीतून ती शरीरात जाऊन बालके दगावल्याच्या अनेक घटना वैद्यकीय नियतकालिकांनी १९५३पर्यंत नोंदवल्या होत्या. जुन्या वहीत तो उपाय लिहिलेला आढळला तर त्यावर काट मारावी.

कपडे बाहेर धुवावयास देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बाळाच्या वस्त्रावर खूण करण्याची शाई हा क्षुल्लक विषय नव्हे. इंग्लंडमध्ये १८८६ साली नवजात बालके एकाएकी निळी पडू लागल्याची हकीकत प्रसिद्ध झाली. लंगोटांवर ताज्या अनिलीन शाईचे शिक्के मारले होते आणि ती शाई कातडीतून रक्तात गेली होती. आपल्याकडे परीट बिब्ब्याने खूण करीत. बिब्ब्याचे तेल कातडीला कसे उतते हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असते, आणि दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर, नेमके परटाच्या खुणेखाली फोड उठू लागले तेव्हा तेथील वैद्यांनी १९४३ साली त्यावर लेखच लिहिला. अमेरिकेतील सेंट लुईस येथे १९६७ साली तर एका प्रसूतिगृहाच्या धुलाईत बुरशीनाशक म्हणून पेंटाक्लोरोफिनॉल वापरले गेले आणि नऊ अर्भके घामाने निथळून आजारी पडली. दोन वाचली नाहीत. कापड तेथे डोळ्यांना निर्मळच दिसत होते.

धुतलेले वाळवणे हा उन्हाळ्यात प्रश्नच नसतो. ऊन डागही फिकट करते आणि जंतूही मारते. पावसाळ्यातील बाळंतपणात मात्र घरभर दोऱ्या लागतात. कोकणात शेगडीवर वेताची टोपली उपडी घालून तीवर बाळोती वाळवत. ऊब छान येते, पण कोळशाचा विषारी वायू बंद खोलीत साठतो. म्हणून शेगडी ओसरीवर असावी, बाळंतिणीच्या खोलीत नव्हे. विजेच्या इस्त्रीने शेवटची दमट घेरी काढता येते. अशा दिवसांत चार डझन बाळोतीही पुरत नाहीत. एरवी तीन डझनांत भागते.

शेवटी सुई-दोरा. उजेडाकडे धरून प्रत्येक तुकडा पाहावा. मध्येच विरलेले दोन तुकडे एकावर एक ठेवून धावदोरा घातला तर एक चांगले बाळोते होते. कडा दुमडून शिवाव्यात आणि सुटे धागे कात्रीने कापावेत. जुनेराचा लोंबता धागा बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जाऊन रक्त अडल्याचे प्रकार घडतात आणि रडण्याचे कारण कोणाला कळत नाही. बाळ विनाकारण किंचाळत असेल तर प्रथम लंगोट सोडून बोटे पाहावीत. जे तुकडे थेंबाच्या परीक्षेत उतरले, पण शिवणही धरीनात इतके विरले आहेत, ते बाजूला काढावेत. दुपट्याच्या दोन पदरांमध्ये घालण्यासाठी ते अजून उपयोगी पडतात.