हसणे आणि पारखणे

एखादी गोष्ट वाचून झाली किंवा एखादा चित्रपट पाहून झाला, म्हणजे ‘कसा वाटला?’ असा प्रश्न निघतो आणि ‘छान होता’ हे उत्तर ठरलेले असते. हे उत्तर खोटे नसते. पण ते अपुरे असते. गवयाचे गाणे सर्वांनाच गोड लागते. सूर कोठे लागला आणि कोठे ढळला, हे मात्र ज्याचा कान तयार झाला आहे त्यालाच कळते. साहित्यासाठीही असाच मनाचा कान तयार करावा लागतो. त्या कामी तीन प्रश्न उपयोगी पडतात. यातील माणसे कशी आहेत? साऱ्या प्रसंगांतून सांगायचे काय आहे? आणि हसू आले असेल, तर ते कशाचे आले?

पहिला प्रश्न स्वभावाचा. माणसाचा स्वभाव त्याच्या वर्णनापेक्षा त्याच्या वागण्यातून अधिक उमगतो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ हे पुस्तक लिहिले. अंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये, असा हट्ट धरणाऱ्या श्यामसाठी त्यातील आई आपले लुगडे धोंड्यावर पसरते आणि पायांइतकीच मनाचीही स्वच्छता जपावी, हे त्याला समजावते. हीच आई पोहण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला मारून विहिरीकडे नेते. आणि पुढे त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचेच डोळे भरून येतात. एकच प्रसंग पाहिला तर ती कोणाला फार हळवी वाटेल, कोणाला फार कठोर. दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी ठेवले, म्हणजे ती खरी कशी आहे ते कळते.

तेथेच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही हाती लागते. ‘श्याम पोहायला शिकला’ हे झाले कथानक. ‘लेकरू चांगले आणि धीट व्हावे म्हणून माया कधी मऊ होते, कधी कठोर’ हे झाले त्यातील सूत्र. सूत्र शोधताना एक पथ्य पाळावे. आपण काढलेल्या सूत्राला पुस्तकातील निदान दोन प्रसंगांचा आधार आहे का, ते तपासावे. आधार नसेल, तर ते सूत्र पुस्तकाचे नसून आपल्याच मनातले असते.

१९५३ साली आचार्य अत्रे यांनी या पुस्तकावर चित्रपट काढला. १९५४ साली, राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पुस्तकात मोठेपणी श्याम आपल्या आठवणी सांगतो. त्यामुळे आईचे मन शब्दांतून कळते. पडद्यावर तेच काम आईची भूमिका करणाऱ्या वनमाला यांची मुद्रा आणि त्यांचा स्वर करतो. म्हणून वाचताना शब्दांकडे लक्ष द्यावे आणि चित्रपट पाहताना चेहऱ्यांकडेही.

तिसरा प्रश्न विनोदाचा, आणि तो सर्वांत अवघड. विनोद बहुधा विसंगतीतून जन्मतो. जे जेथे शोभत नाही ते तेथे आले, की हसू येते. मराठवाड्याचे नाटककार व नट लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात हीच युक्ती योजली. मराठवाड्यातील एका खेड्यातले वऱ्हाड लग्नासाठी विमानाने थेट लंडनला निघते. त्यातील ५२ व्यक्तिरेखा ते एकटे उभ्या करीत. आवाज बदलला, चाल बदलली, नजर बदलली, की नवा माणूस रंगमंचावर येई. स्वभाव वेशभूषेत नसतो, हे पटवण्यास याहून चांगले उदाहरण नाही. २००९ साली देशपांडे यांचे निधन झाले. त्यांच्यामागे संदीप पाठक यांनीही हा प्रयोग रंगभूमीवर आणला.

या प्रयोगाला प्रेक्षक पोट धरून हसतात. पण ते हसतात कोणाला? ही माणसे इंग्रजी रीतिरिवाज जाणत नाहीत म्हणून ती मूर्ख, असे कोणी समजेल तर ते हसणे हलके होय. ही माणसे आपली आपुलकी, आपले रुसवे-फुगवे आणि आपली बोली घेऊन परदेशी जातात आणि तेथे स्वतःला कमी लेखीत नाहीत. त्यांना हसता हसता प्रेक्षकाला त्यांचा लळा लागतो.

नांदेड आणि लातूरच्या मुलांना हा भेद विशेष जाणला पाहिजे. हा मुलूख १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे येथील बोलीत उर्दू शब्द मिसळले. देगलूर-बिलोलीकडे तेलुगूचा शेजार, तर उदगीर-निलंग्याकडे कन्नडचा. अशा बोलीला नाटक-चित्रपटांत पुष्कळदा केवळ हशा पिकवण्यासाठी राबवले जाते. त्याची एक सोपी कसोटी आहे. तोच विनोद प्रमाण मराठीत सांगून पाहावा. गोडी थोडी कमी झाली तरी हसू उरले, तर तो विनोद मनुष्यस्वभावाचा. काहीच उरले नाही, तर तेथे फक्त कोणाच्या तरी बोलण्याची चेष्टा होती.

अशी पारख करण्याचा अधिकार केवळ मोठ्या शहरांतील विद्वानांचा नाही. नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवीत. पुढे ते तेथेच प्राचार्य झाले. नांदेडला राहूनच त्यांनी ‘धार आणि काठ’ या ग्रंथात मराठी कादंबरीची चिकित्सा केली आणि साऱ्या महाराष्ट्राने त्यांच्या मताची दखल घेतली. त्यांच्या मताला वजन होते, कारण प्रत्येक मतामागे ते कारण देत.

‘छान होता’ या उत्तरापुढे ‘कारण’ हा एकच शब्द जोडला, की पारखण्यास आरंभ होतो. पुढचे वाक्य ज्याचे त्याने शोधायचे असते.