विज्ञानशिक्षणाचा खर्च आणि त्याचा हिशेब

शिर्डीस येणाऱ्या लक्षावधी भाविकांपैकी फारच थोड्यांची दृष्टी प्रसादालयाच्या छपराकडे वळते. समाधिमंदिरातील दर्शन, द्वारकामाई, गुरुस्थान आणि त्यानंतर पंगतीत लाभणारा प्रसाद एवढ्यात बहुतेकांच्या यात्रेची सांगता होते. परंतु त्या छपरावर २००९ सालापासून ७३ प्रचंड परावर्तक सूर्याकडे तोंड करून उभे आहेत. प्रत्येकाचे क्षेत्रफळ सुमारे १६ चौरस मीटर असून, त्यावर पडणारे सूर्यकिरण एका लहानशा ठिकाणी एकवटतात, तेथील पाण्याची वाफ होते आणि ती वाफ नळांवाटे स्वयंपाकघरात उतरून हजारो पानांचा भात-वरण शिजविते. वुल्फगांग शेफलर यांनी योजिलेल्या या रचनेची खुबी अशी की, परावर्तक दिवसभर सूर्याच्या मागे फिरत राहिला, तरी किरणांचा संगमबिंदू मात्र जागचा हलत नाही. आणि तापलेले पाणी हलके होऊन वर चढते व थंड पाणी त्याची जागा घेते, या साध्या निसर्गनियमामुळे पाणी आपोआप खेळते राहते. या कामास सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये खर्च आला. त्यांपैकी ५८ लाखांहून अधिक रक्कम केंद्र शासनाच्या अनुदानातून मिळाली आणि उर्वरित भार संस्थानाने, म्हणजे अंतिमतः भाविकांच्या दानाने, उचलला.

आता शिर्डीच्याच राहाता तालुक्यातील, किंवा महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्यातील, नववीच्या वर्गाकडे पाहावे. तेथील विज्ञानाच्या पुस्तकात प्रकाशाच्या परावर्तनाचे प्रकरण आहे. अंतर्गोल आरसा, त्याचा ध्रुव, वक्रताकेंद्र, नाभी आणि नाभीय अंतर यांच्या व्याख्या आहेत. आणि त्या व्याख्या मुखोद्गत करून परीक्षेत उतरवून देणारी मुलेही पुष्कळ आहेत. परंतु छपरावरचा परावर्तक आणि पुस्तकातली आकृती या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे त्यांपैकी किती जणांस स्वतःहून उमगते? न उमगल्यास त्याचा दोष कोणाचा? आणि तो दूर करावयाचा, तर पैसा, श्रम व बुद्धी कोठे खर्च करावी? या प्रश्नांचा पद्धतशीर शोध घेणे म्हणजेच विज्ञानशिक्षणाचे संशोधन होय.

देशातील या संशोधनाची मुहूर्तमेढ आपल्याच राज्यात रोवली गेली, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील भा. मा. उदगावकर, वि. गो. कुलकर्णी आदी शास्त्रज्ञांस असे वाटू लागले की, देशात उच्च दर्जाच्या प्रयोगशाळा उभारल्या, परंतु शाळेतले विज्ञान मात्र घोकंपट्टीच्या हवाली केले, तर कळसाला सोने चढवून पाया ढासळू देण्यासारखे होईल. त्यातून १९७४ साली, सर दोराबजी टाटा न्यासाच्या अर्थसाह्याने, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. त्याचे पहिले बिऱ्हाड मुंबईच्या नाना चौकातील महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत होते. ज्या मुलांचा अभ्यास करावयाचा, त्यांच्याच छपराखाली संशोधकांनी आपले दप्तर मांडले, ही गोष्ट सोयीची होती तितकीच अर्थपूर्णही होती.

या केंद्राने आरंभीच्या काळात हाती घेतलेल्या कामांपैकी दोन विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. पहिले काम ग्रामीण भागातले. जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातील खिरोदा हे गाव केंद्रस्थानी धरून, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात संशोधक आणि खेड्यातले शिक्षक एकत्र बसले, गावात मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंतून प्रयोग रचले गेले आणि ते वर्गात करून पाहिले गेले. याच काळातील अभ्यासात कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांचे लक्ष पाठ्यपुस्तकांच्या भाषेकडे वेधले. मूल घरी जी मराठी बोलते आणि पुस्तक जी मराठी लिहिते, त्या दोहोंतील अंतर एवढे होते की, पुष्कळ मुले विज्ञानाच्या उंबरठ्यावर पोचण्यापूर्वीच शब्दांपाशी अडखळत. म्हणून आशयाला धक्का न लावता केवळ वाक्यरचना व शब्दकळा सुगम केलेले पाठ काही वर्गांना देण्यात आले आणि काही वर्गांत नेहमीचेच पाठ चालू ठेवून दोहोंची तुलना करण्यात आली. सुगम पाठ मिळालेल्या मुलांचे गुण वाढलेच; पण त्याहून मोलाची गोष्ट अशी घडली की, ती वर्गात बोलू लागली. ज्याला वाक्य कळते, त्यालाच शंका येते, आणि ज्याला शंका येते, तोच विज्ञानाच्या वाटेवर पहिले पाऊल टाकतो.

दुसरे काम मुंबई महापालिकेच्या शाळांतले. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी ऐंशीच्या दशकात अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांची निवड करून त्यांना आठवीपासून दहावीपर्यंत मार्गदर्शन दिले. चाळीतल्या किंवा झोपडीतल्या एका खोलीत ज्यांचा अभ्यास चाले आणि घरात ज्यांना शिकविणारे कोणी नसे, अशी ही मुले. त्यांना वाचण्या-लिहिण्याचे आणि गणिताचे कच्चे राहिलेले धडे पक्के करून देण्यात आले, प्रयोग हाताने करावयास मिळाले आणि प्रश्न विचारण्याची मुभा लाभली. तेव्हा शालान्त परीक्षेत त्यांनी मिळविलेल्या यशाने, आर्थिक व सामाजिक दैन्याला बौद्धिक दैन्य समजण्याची जुनी सवय किती निराधार आहे हे सिद्ध झाले. प्रज्ञेचा शोध घेणाऱ्या परीक्षा आपल्याकडे १९६३ पासून चालत आल्या. परंतु परीक्षा ही बहुधा उगवलेलेच मोजते. बी आहे पण पाणी नाही, अशा ठिकाणी तिचा उपयोग थोडा. शोधाच्या जोडीला संवर्धन नसेल तर शोधाचा लाभ पुन्हा त्यांनाच होतो, ज्यांच्या घरी पाण्याची सोय आधीपासूनच आहे. हा या प्रयोगाचा खरा निष्कर्ष होय.

याच सुमारास जगातील अन्य देशांतही एक महत्त्वाचा बोध होत होता. मूल वर्गात रिकाम्या मनाने येत नाही. सृष्टीविषयी स्वतःच्या समजुती घेऊन येते आणि त्या समजुती शिक्षकाच्या व्याख्यानाने सहसा हलत नाहीत. उन्हाळा का होतो, असे विचारल्यास बहुसंख्य मुले सांगतात की, त्या दिवसांत पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा गोदाकाठच्या या मुलखात पहाटे शेकोट्या पेटतात, तेव्हाच पृथ्वी सूर्यापासून सर्वांत कमी, म्हणजे सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर अंतरावर असते; आणि जुलैच्या आरंभी ते अंतर १५ कोटी २१ लाख किलोमीटरपर्यंत वाढते. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे. १९८७ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात २३ जणांना असे साधे खगोलीय प्रश्न विचारले, तेव्हा २१ जण चुकले. जे हार्वर्डमध्ये घडते, ते आपल्या खेड्यातील वर्गात घडले तर विद्यार्थ्याला मठ्ठ म्हणण्याचा अधिकार कोणास पोचतो? शिक्षकाने प्रथम मुलाची समजूत काय आहे हे विचारून घ्यावे, ती त्याच्याच हातून तपासून घ्यावी आणि मग पुढे जावे, हा मार्ग संशोधन दाखविते. मात्र त्यासाठी शिक्षकाला वेळ लागतो, आणि वेळ ही शाळेच्या जमाखर्चात कधीच न लिहिली जाणारी, परंतु सर्वांत महाग वस्तू आहे.

विज्ञानातील सहभागाचा प्रश्न जातीपुरता आणि खेड्यापुरता नाही. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४,८०७ मुलांनी शास्त्रज्ञाचे चित्र काढले. त्यांत स्त्री शास्त्रज्ञ केवळ २८ चित्रांत होती आणि ती सर्व चित्रे मुलींनी काढलेली होती. हे चित्र मनात कोठून उतरते, हे समजण्यासाठी फार दूर जावयास नको. १९३३ साली कमला भागवत, म्हणजे पुढील काळातील कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठाची पदवी संपादन करून बंगळुरूच्या विज्ञान संस्थेकडे गेल्या, तेव्हा त्या स्त्री असल्याच्या कारणावरून त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. त्यांनी नेटाने आग्रह धरला म्हणून तो अटींसह मिळाला, आणि त्यांच्या कर्तृत्वानेच पुढच्या मुलींसाठी ते दार उघडले. याच्याही आधी, शिर्डीच्याच जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरात सिंथिया फरार यांनी चालविलेल्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. दार उघडण्याचे काम या जिल्ह्याला नवे नाही.

आता पैशाचा विचार करू. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी दाखवून दिले की, सरकारी तिजोरी भरते ती रयतेच्या घामाने, परंतु तीतून शिक्षणावर होणारा खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या पदरी पडतो. निदान बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी करताना त्यांनी प्राथमिक अभ्यासक्रमात शेतीच्या मूलतत्त्वांचा व आरोग्याच्या पाठांचाही समावेश सुचविला होता. रयतेच्या मुलाचे विज्ञान त्याच्या शेतापासून व घरापासून सुरू व्हावे, असाच त्या सूचनेचा अर्थ आपण आज घेऊ शकतो. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हा घरोघरीच्या मूठमूठ धान्यातून ‘मुष्टिफंड’ उभा राहिला आणि वसतिगृहे चालली. शिर्डीपासून जवळच, लोणीच्या परिसरात विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलातून सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि पुढे त्याच परिसरात शिक्षणसंस्थाही उभ्या राहिल्या. लोकांच्या वर्गणीतून ज्ञानाची सोय करण्याची परंपरा या मातीत अशी खोल रुजलेली आहे.

सरकारी तरतुदीची कथा मात्र तितकी समाधानकारक नाही. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के रक्कम शिक्षणावर खर्च करण्याची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तोच आकडा पुन्हा उच्चारला, याचाच अर्थ मधल्या अर्धशतकात तो प्रत्यक्षात उतरला नाही. संशोधन व विकासावरील देशाचा खर्च २०२०-२१ साली स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या अवघा ०.६४ टक्के होता. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांची योजना आखली गेली आहे आणि त्यांतील मोठा वाटा शासनाबाहेरून येईल अशी अपेक्षा आहे. या रकमेतून विज्ञानशिक्षणाच्या संशोधनासाठीही निश्चित हिस्सा राखून ठेवावा, अशी मागणी नागरिकांनी केली पाहिजे. कारण उद्याच्या प्रयोगशाळांत काम करणारी माणसे आजच्या नववीच्या बाकावर बसलेली आहेत.

परंतु आकडा वाढला म्हणजे काम झाले, असे नाही. शाळेच्या इमारतीला देणगीदार मिळतो, कारण तिच्यावर संगमरवरी पाटी बसविता येते. चंचुपात्र फुटले, तुरटी संपली, विजेरीचे सेल उतरले, तर त्यासाठी लागणाऱ्या किरकोळ रकमेची मंजुरी मात्र महिनोन्‌महिने रेंगाळते. मग प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप लागते आणि प्रयोग फळ्यावरच उरकला जातो. याउलट सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या एवढ्याच सामग्रीतून अरविंद गुप्ता यांनी त्रिकोण का टिकतो व चौकोन का लटपटतो हे मुलांच्या हाती दिले. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत ज्या वास्तूत मुक्तांगण विज्ञान शोधिका चालते, ती ‘पुलस्त्य’ पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ त्यांच्या पत्नी सुनीताबाईंच्या देणगीतून उभी राहिली. हे दान केवळ भिंतींपाशी थांबले नाही; भिंतींच्या आत मुलांनी वस्तू मोडाव्यात, जोडाव्यात आणि प्रश्न विचारावेत, इथपर्यंत ते पोचले.

म्हणून विज्ञानशिक्षणासाठी पैसा देणाऱ्याने, मग तो शासनाचा अधिकारी असो, देवस्थानाचा विश्वस्त असो, कारखान्याचा संचालक असो की परदेशी स्थायिक झालेला माजी विद्यार्थी असो, तीन गोष्टींचा हिशेब मागावा. दिलेल्या रकमेतून मुलांच्या हाताला वर्षातून किती प्रयोग लाभले. शिक्षकाला त्या प्रयोगांच्या तयारीसाठी व स्वतःच्या शिक्षणासाठी किती वेळ मोकळा मिळाला. आणि मुलांच्या समजुतीत काय फरक पडला, याची प्रामाणिक नोंद कोणी ठेवली. तिसरी बाब बहुधा कोणीच विचारीत नाही, आणि ती न विचारल्यामुळेच कोट्यवधींच्या योजना उपकरणांच्या पावत्यांनी संपतात. शिक्षणहक्क कायद्याने स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांनी प्रत्येक बैठकीत हे तीन प्रश्न मांडण्याचा शिरस्ता पाडला, तर त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. खिरोद्याच्या आणि मुंबईच्या मुलांनी आपल्या वाटणीचा पुरावा केव्हाच दिलेला आहे: भाषा कळली, हाताला काम मिळाले आणि आपुलकीने शिकविणारा लाभला, तर त्यांची बुद्धी कोणाहून उणी नसते. देणे राहिले आहे ते आपले, प्रौढांचे. आणि ते फेडण्यास लागणारी रक्कम आपण अन्य पुण्यकार्यांवर आनंदाने खर्च करतो त्याहून कितीतरी लहान आहे.