सुरखीचं मैदान

8 एप्रिल 2024. सोमवार, रमजानचा अठ्ठाविसावा रोजा. जळगावात ऊन असं की मेहरूणच्या रस्त्यावर कुत्रंही दिसू नये. आम्ही भावंडं पंख्याखाली एका मोबाईलभोवती बसलो होतो. सामना दिसत नव्हता, फक्त आकडे बदलत होते. पंधरा, तीस, चाळीस, गेम. मग पुन्हा शून्य. हजारो मैलांवर मोंटे कार्लोत सुमीत नागल इटलीच्या मॅटेओ अर्नाल्डीशी खेळत होता आणि आम्ही त्याचा घाम आकड्यांत पाहत होतो.

पहिला सेट 5-7 असा गेला. दुसरा 6-2 घेतला. तिसरा 6-4 झाला, तेव्हा धुळ्याहून मामेभावाचा फोन आला. तो बोलत नव्हता, नुसता ओरडत होता. आम्हीही ओरडलो. अम्मी आतून म्हणाल्या, "रोजा आहे ना तुमचा? मग एवढा आवाज कुठून येतो?"

ओरडण्यासारखंच होतं. मोंटे कार्लोची ही स्पर्धा 1897 पासूनची, फक्त पुरुषांची आणि लाल मातीवरची. तिथे एकेरीच्या मुख्य फेरीत शेवटचा भारतीय खेळला होता तो 1982 साली, रमेश कृष्णन. नागल पात्रता फेरीचे दोन सामने जिंकून आत आला होता. जगातल्या पहिल्या चाळिसांतल्या खेळाडूला त्याने हरवलं आणि मातीवरच्या मास्टर्स स्पर्धेत एकेरीचा मुख्य सामना जिंकणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. आदल्या आठवड्यात तो मोरोक्कोत, मराकेशच्या स्पर्धेत होता. हसन दुसरे या राजांच्या नावाने भरणारी ही स्पर्धाही मातीचीच. ती पूर्वी कासाब्लांकात व्हायची. 1997 साली हिशाम अराझी आणि 2002 साली युनूस अल-अयनावी या मोरोक्कोच्याच खेळाडूंनी ती जिंकली होती. ही नावं आमच्या मामूंना तोंडपाठ आहेत.

मामूंबद्दल सांगायला हवं, कारण आमच्या घरात टेनिस आणलं ते त्यांनी. ते धुळ्यात, देवपुरात राहतात. पेशाने राजमिस्त्री, आता छोटी बांधकामं घेतात. 1999 साली लिअँडर पेस आणि महेश भूपती यांनी पॅरिसची फ्रेंच ओपन जिंकली, तेव्हा मामूंनी केबलवर पहिल्यांदा ते लाल मैदान पाहिलं. टेनिसचे नियम त्यांना ठाऊक नव्हते. पण मैदान पाहताच ते म्हणाले, "ही माती कुठली? ही तर सुरखी आहे!"

त्यांचं बरोबर होतं. जुन्या वाड्यांच्या आणि मशिदींच्या भिंती ज्या चुना-सुरखीत बांधल्या, तीच ही सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची बारीक भुकटी. इंग्रजीत या मैदानाला मातीचं म्हणतात, पण पॅरिसमध्ये वर पसरलेली असते ती विटेची पूड, तीही जेमतेम एक-दोन मिलिमीटर. तिच्याखाली चुनखडीची भुकटी, त्याखाली कोळशाच्या राखेचे खडे आणि तळाला मोठी खडी. चुनखडी ओल धरून ठेवते, म्हणून वरची सुरखी उडून जात नाही. रोज पाणी मारावं लागतं. मामूंनी हे सगळं कळल्यावर एवढंच म्हटलं होतं, "म्हणजे कोबाच आहे, फक्त सिमेंट न घातलेला." असं म्हणतात की या प्रकाराची सुरुवात 1880 च्या सुमारास फ्रान्समधल्या कान शहरात झाली. रेनशॉ नावाच्या इंग्रज भावांचं गवताचं मैदान उन्हाने जळायला लागलं, तेव्हा त्यांनी त्यावर जवळच्या गावातल्या फुटक्या मडक्यांची पूड टाकली. उन्हाने गवत जळतं हे खान्देशात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

या मैदानावर चेंडू हळू येतो आणि उंच उसळतो. गवतावर किंवा सिमेंटवर जो फटका गुण मिळवून देतो, तो इथे समोरचा परत आणतो. कधी कधी दहा-पंधरा-वीस फटक्यांशिवाय गुण संपत नाही. आणि चेंडू जिथे पडतो तिथे त्याची खूण राहते. आत की बाहेर असा वाद झाला की पंच उंच खुर्चीवरून उतरतात, वाकून खूण पाहतात आणि बोट दाखवतात. 2025 पासून बहुतेक मोठ्या स्पर्धांत हे काम यंत्र करतं, पॅरिसने मात्र माणसं ठेवली आहेत. मामूंना हा वाकून पाहणारा पंच खेळाडूंपेक्षा जास्त आवडतो. ओळंबा धरणाऱ्या माणसाला ते साहजिक आहे.

2017, 2018 आणि 2019, ही तीन वर्षं पॅरिसची स्पर्धा रमजानमध्ये आली. 2018 चा अंतिम सामना आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू झाला, नदाल आणि थीम यांचा. दस्तरखानावर खजूर, कलिंगड, भजी मांडलेली, टीव्हीचा आवाज बंद, आणि पहिला सेट चालू असतानाच मगरिबची अजान. टीव्ही बंद झाला. घरातला नियम तेव्हाही तोच होता आणि आताही तोच आहे. नदाल जिंकला हे आम्हाला तरावीहहून परतताना कळलं. त्याचं वाईट वाटलं नाही. नदाल तिथे चौदा वेळा जिंकला, एखादा विजय आमच्या डोळ्यांआड झाला तर काय बिघडलं!

पण नागलची गोष्ट वेगळी होती. सप्टेंबर 2023 मध्ये त्याने एका वृत्तसंस्थेला सांगितलं होतं की त्याच्या खात्यात जेमतेम 900 युरो उरले आहेत, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या आसपास. देशातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू! प्रशिक्षक, विमानाची तिकिटं, हॉटेल, सगळं स्वतःच्या खिशातून. वर्षाचा खर्च कोटीच्या घरात. तेव्हा त्याच्या मागे उभी राहणाऱ्यांत आपल्या महाराष्ट्रातलं महा टेनिस फाउंडेशनही होतं. मामेभावाने ती बातमी आम्हाला पाठवली होती, खाली लिहिलं होतं, 'यासाठी दुआ करा.' तेव्हापासून नागल आमच्या घरचा झाला.

मोंटे कार्लोत त्याचा पुढचा सामना डेन्मार्कच्या होल्गर रूनशी होता. रून तेव्हा जगात सातवा. बुधवारी तिथे पाऊस आला आणि सामना अर्धवट राहिला. इथे त्या संध्याकाळी तिसावा रोजा पूर्ण झाला. उरलेला सामना गुरुवारी, 11 एप्रिलला, म्हणजे नेमका ईदच्या दिवशी.

जळगावात ईदची नमाज पढून, शेजारपाजारी शीरखुर्मा देऊन आम्ही एरंडोल, पारोळा करत धुळ्याला निघालो. ईदला नानीकडे जेवायचं हा शिरस्ता आहे. दुपारी तिथेही मोबाईल मध्ये ठेवला गेला. पहिला सेट रूनने 6-3 घेतला होता. दुसरा नागलने 6-3 घेतला. नानीपासून सगळे टाळ्या वाजवत होते. मामेभाऊ मात्र उठून गच्चीवर गेला. आम्हाला वाटलं, ताण सहन होत नसेल. तिसरा सेट 6-2 ने रूनकडे गेला. आम्ही "शाबास नागल" म्हणून जेवायला बसलो. एवढ्यात आमची नऊ वर्षांची भाची गच्चीवरून खाली आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मामा नागलला शिव्या लिहितोय."

मामूंनी मोबाईल हातात घेतला. नागलच्या फोटोखाली त्याने जे लिहिलं होतं ते इथे छापण्यासारखं नाही. त्याच मोबाईलवर एक सट्ट्याचं ॲप उघडं होतं. रमजानभरात अकरा हजार चारशे रुपये गेले होते. त्यात कॉलेजच्या फीचे पैसे होते आणि सकाळी मिळालेली ईदीही होती. सुरुवात कशी झाली तर पन्नास रुपये ॲपनेच फुकट दिले होते. आता हा गुण कोण घेईल, हा गेम कोण जिंकेल, यावर मिनिटा-मिनिटाला पैसे लावायचे. टेनिसची गुणपद्धतच अशी की दर अर्ध्या मिनिटाला काहीतरी संपतं. सट्टेवाल्यांना आणखी काय हवं?

आम्हाला सगळ्यांत जास्त लागलं ते वेगळंच. त्याने सांगितलं की अर्नाल्डीच्या सामन्यातही त्याने पैसे लावले होते, आणि त्या दिवशी फोनवर तो ओरडला कारण चौदाशे रुपये सुटले होते. रोजा ठेवून आम्ही ज्या आवाजात आवाज मिसळला होता, तो नागलसाठी नव्हताच.

मामूंनी हात उचलला नाही. मुमानी रडत होत्या. नानी मात्र म्हणाल्या, "आधी जेवण होऊ द्या. ईदच्या दिवशी पोराला उपाशी नका उठवू."

सूरह अल-माइदाच्या 90 व्या आयतीत दारूच्या जोडीला जुगार आहे, हे आपल्या घरात लहान मूलही जाणतं. आमच्या मामेभावालाही माहीत होतं. त्याला ते जुगारासारखं दिसलंच नाही. पत्ते नाहीत, अड्डा नाही, कोणी ओळखीचं पाहत नाही. अंगठा हलवायचा, बस्स. आणि आकडे पाहत बसायची सवय आम्हीच लावली होती, ही गोष्ट आम्ही भावंडांनी एकमेकांत बरेच दिवस काढली नाही.

नंतर वाचनात आलं की मोंटे कार्लो हे नाव जगात टेनिसच्या आधी जुगारघरासाठी गाजलं. मोनाको संस्थानाने एकोणिसाव्या शतकात तिजोरी भरायला कॅसिनो काढला. पण मोनाकोच्या स्वतःच्या नागरिकांना त्या कॅसिनोत खेळायला कायद्याने बंदी आहे! ज्यांनी दुकान काढलं त्यांनी आपली पोरं बरोबर बाहेर ठेवली. मामूंना हे सांगितलं तेव्हा ते खूप वेळ काही बोलले नाहीत.

सट्ट्याने या खेळाचं काय केलंय तेही थोडं सांगतो. सर्वांत खालच्या पायरीवरच्या पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत सगळ्या खेळाडूंचं मिळून बक्षीस असतं पंधरा हजार डॉलर. पहिल्या फेरीत हरणाऱ्याचा प्रवासखर्चही त्यातून निघत नाही. अशा पोराला कोणी सांगतं, अमुक गेम सोड, इतके पैसे घे. त्यावर नजर ठेवायला एक वेगळी आंतरराष्ट्रीय संस्था आहे आणि तिने कित्येकांवर आजन्म बंदी घातली आहे. पैसे हरलेले लोक खेळाडूंना, त्यांच्या आईबापांना इंटरनेटवर शिव्याशाप देतात, ही खेळाडूंची रोजची तक्रार आहे. त्यांतला एक आमच्या घरातच निघाला.

ॲपच्या खात्यात एकोणीसशे रुपये शिल्लक होते. ते काढून घेऊन मामू मौलाना साहेबांकडे गेले. त्यांनी सांगितलं, हे पैसे घरात वापरू नका, गरजूला द्या, पण सवाबची नियत करू नका, ही खैरात नव्हे. तसंच केलं. फी मामूंनी भरली. मामेभावाने तो उन्हाळा बापाच्या साईटवर विटांचा हिशेब ठेवत काढला. पंचेचाळीस अंशांत. ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा झाला. उशिरा झाला, पण बरं झालं.

टेनिस बंद करावं का, यावर घरात बराच खल झाला. अब्बांचं मत, सगळंच लगवियात आहे, बंद करा. मामू म्हणाले, "सुरखीचा काय गुन्हा?" शेवटी ठरलं की आकडे पाहायचे नाहीत. सामना पाहायचा तर टीव्हीवर, बैठकीत, सगळ्यांनी मिळून. मोबाईल अम्मींच्या कपाटात.

8 जून 2025, रविवार. बकरी ईदचा दुसरा दिवस. या वेळी धुळ्याची मंडळी आमच्याकडे जळगावला आली होती. पॅरिसचा अंतिम सामना, अल्कराझ विरुद्ध सिनर. याच स्पर्धेत आठवडाभरापूर्वी अल्कराझने एका सामन्यात स्वतः पंचांना सांगितलं होतं की चेंडूला लागताना रॅकेट माझ्या हातातून सुटलं होतं, हा गुण माझा नाही. कोणाला दिसलं नव्हतं. म्हणून आमचा कल त्याच्याकडे. पण इशाहून परतलो तेव्हा तो दोन सेट मागे होता. चौथ्या सेटमध्ये 3-5, शून्य-चाळीस. सिनरला विजयाला एक गुण हवा, आणि संधी तीन. भाची बोटं मोजत होती. एक गेली, दोन गेल्या, तिसरीही गेली.

मामेभाऊ भिंतीला टेकून बसला होता. त्याचे दोन्ही हात रिकामे होते आणि त्यांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. कधी गुडघ्यावर, कधी तोंडावर. पाचव्या सेटमध्ये कधीतरी तो पुढे सरकून मामूंच्या शेजारी आला. अल्कराझचे पांढरे मोजे विटेच्या रंगाचे झाले होते.

पाच तास एकोणतीस मिनिटं. पॅरिसच्या इतिहासातला सर्वांत लांब अंतिम सामना. अल्कराझ जिंकला तेव्हा आपल्याकडे बारा वाजले होते. कोणी ओरडलं नाही, मुलं झोपली होती.

फ्रीजरमध्ये शेजाऱ्यांच्या वाट्याच्या दोन पिशव्या तशाच राहून गेल्या होत्या. मामेभाऊ म्हणाला, फजरनंतर मी देऊन येतो. आतल्या खोलीतून नानींनी विचारलं, "कोण जिंकलं रे?"

"जो दोन सेट मागे होता ना नानी, तो."