सरबतासारखी दिसणारी दारू

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी सातच्या सुमारास ओळखीच्या एका घरातून घाईचे बोलावणे आले. घरातल्या बाई साठीच्या, मधुमेहाच्या जुन्या रुग्ण, रोज सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्या. त्या दिवशी संकष्टी होती. त्यांचा उपास कडक. चंद्रोदयापर्यंत चहा आणि फार तर एखादे फळ. मी पोहोचलो तेव्हा त्या घामाने डबडबल्या होत्या, जीभ जड झाली होती, विचारलेल्याला भलतीच उत्तरे देत होत्या. रक्तातली साखर तपासली, ती ४४ भरली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत त्या नीट बोलू लागल्या. उपाशीपोटी गोळी घेतली म्हणून साखर उतरली, असे निदान करून मी निघालो. ते निदान अर्धेच होते.

पुण्याहून आलेल्या मुलाने मला जिन्यात गाठले. “काका, फ्रिजमधल्या जगात बेरी मार्टिनी होती. मित्र येणार होते म्हणून केली होती. आई स्ट्रॉबेरीचे सरबत समजून पेलाभर प्यायली.” मी तसाच परत फिरलो. बाईंना विचारले तर म्हणाल्या, “जरा कडवट लागले खरे, पण वाटले लिंबाची साल उतरली असेल.”

मी आधी दारूबद्दल विचारलेच नव्हते. त्या घरात, त्या बाईंना, तो प्रश्न विचारावा हे मनातच आले नाही. चूक माझी.

मार्टिनी म्हणजे मूळची जिन आणि व्हर्मूथ नावाची, वनस्पतींचा अर्क उतरवलेली वाइन, यांचे कडक मिश्रण. त्यात गोडवा जवळपास नसतोच. फळांची मार्टिनी हा तिचा अलीकडचा गोड अवतार. मुलाने सांगितलेली कृती अशी: एका ग्लासाला चार-पाच पिकलेल्या स्ट्रॉबेरी ठेचायच्या, त्यात साखरेचा पाक आणि लिंबाचा रस तीन-तीन चमचे, ४५ मिलिलिटर व्होडका आणि ३० मिलिलिटर जिन. बर्फ घालून झाकणाच्या भांड्यात जोरात हलवायचे आणि गाळून घ्यायचे. व्होडकाला स्वतःची चव फारशी नसते. जिनला ज्युनिपरच्या फळांचा वास असतो (आयुर्वेदात हपुषा म्हणतात ती हीच), पण तो स्ट्रॉबेरीत मुरून जातो. साखर, आंबटपणा आणि गारवा मिळून दारूचा जळजळीतपणा झाकतात. जिभेला कळत नाही. यकृताला मात्र सगळे कळते.

हिशेब करून पाहू. आपल्याकडच्या व्होडका-जिनमध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. वरच्या कृतीतल्या ७५ मिलिलिटरमध्ये ते सुमारे २५ ग्रॅम होते. म्हणजे अडीच लहान पेग, किंवा पाच टक्क्यांच्या बिअरची ६५० मिलिलिटरची अख्खी बाटली. बाटली संपवायला माणसाला तासभर लागतो. हे गोड पाणी पाच मिनिटांत पोटात जाते. यकृत ताशी सात ते दहा ग्रॅमच निकाली काढू शकते. म्हणजे एका पेल्याला तीन तास. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणे गुन्हा आहे, आणि उपाशीपोटी अशा एका पेल्याने ती मर्यादा सहज ओलांडते. “मी फक्त ज्यूसवालेच घेतले” या सबबीला काही अर्थ नाही.

मधुमेह्याचा धोका आणखी वेगळा. आपण उपाशी असतो तेव्हा यकृत आधी साठवलेली साखर सोडते आणि ती सरत आली की नवी तयार करते. अल्कोहोल हे नवे उत्पादन बंद पाडते. त्यात ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावत असते. इकडून आवक थांबली, तिकडून खर्च चालू. पाकातल्या साखरेने थोडा वेळ निभावते, पुढे नाही. शिवाय साखर एकदा वर आली तरी गोळीचा अंमल उरलेला असल्याने काही तासांनी ती पुन्हा उतरू शकते. म्हणून बाईंना रात्रभर रुग्णालयात ठेवले. तिथे मध्यरात्री ती खरोखरच एकदा उतरली. मुलगा जिन्यात बोलला नसता तर त्या वेळी त्या घरी झोपेत असत्या.

सकाळी त्यांनी मला एकच विचारले, “डॉक्टर, उपास मोडला का हो माझा?” ते माझ्या खात्यातले नाही, असे सांगून सुटलो.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. दारू चढलेला माणूस आणि साखर उतरलेला माणूस दिसायला सारखेच असतात: घाम, अडखळते बोलणे, झोकांड्या, बरळणे. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणारा माणूस असा दिसला तर “चढली आहे, झोपू द्या” म्हणू नका. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, मग काही खायला द्या, आणि दवाखाना गाठा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात थेंबभरही घालू नका, कुशीवर वळवा आणि ताबडतोब रुग्णालयात न्या. काय आणि किती प्यायले ते डॉक्टरांना जिन्यात नव्हे, दारातच सांगा.